अळी, मुंगी आणि फळ्यावरचा ‘आपला आहार’



परिसर अभ्यासात अन्न, आहार हे घटक प्राथमिकच्या जवळजवळ प्रत्येक वर्गात येतात. शिकवायला सोपे वाटतात. फळ्यावर मधोमध एक गोल काढायचा, त्यात ‘आपला आहार’ लिहायचं आणि मुलांना विचारायचं, "सांगा बघू, तुमच्या घरी काय काय खातात?" मुलं भराभर सांगतात, आपण लिहीत जातो. भाकरी, भात, वरण, अंडी, जवळा, कोलंबी, चिंबोरी. आमचा पनवेल-उरणचा भाग खाडीकाठचा, त्यामुळे माशांची नावं तर संपता संपत नाहीत.

पूर्वी मी दुसऱ्या एका शाळेवर असताना असाच तास चालू होता. वाडीवरची एक कातकरी मुलगी, एरवी फारशी न बोलणारी, त्या दिवशी हात वर करून उभी राहिली. म्हणाली, "बाई, आमी मधाच्या पोळ्यातली पिल्लं पण खातो. भाजून."

झालं! वर्गात "ईऽऽ" आणि "शीऽऽ" असा एकच गलका. मी मुलांना दटावलं, तिला "बरं, बस" म्हटलं आणि पुढच्या मुलाकडे वळले. जवळा फळ्यावर लिहिला होता, चिंबोरी लिहिली होती. पोळ्यातली पिल्लं लिहिली नाहीत.

हसणाऱ्या मुलांना रागावले म्हणजे माझं काम झालं, असं मला तेव्हा वाटलं. पण त्यानंतर ती मुलगी हात वर करेना. दिवाळीनंतर आई-बापांबरोबर वीटभट्टीवर गेली ती त्या वर्षी परत आलीच नाही. जाण्याचं कारण भट्टी होतं, माझा तास नव्हे, हे मला ठाऊक आहे. तरी तिचं उत्तर फळ्यावर आलं नाही हे तिने पाहिलं होतं, आणि ते मी पुसून टाकू शकत नाही.

खरं कारण सांगायचं तर मला त्या विषयातलं काहीच येत नव्हतं. डी.एड.ला आहाराचे घटक शिकलो, प्रथिनं, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वं सगळं शिकलो. पण माणसं कीटक खातात, तेही समजून-उमजून, पारख करून खातात, हे कुणी शिकवलं नव्हतं. नंतर जे वाचून, विचारून जमवलं ते इथे मांडते आहे. ज्यांच्या वर्गात वाडीवरची, पाड्यावरची मुलं आहेत त्यांना उपयोगी पडेल.

आधी जवळ्याकडे बघू

जवळा, कोलंबी, खेकडा हे सगळे संधिपाद प्राणी. म्हणजे पायांना सांधे, अंगावर कडक कवच, आत हाडं नाहीत. मुंगी, टोळ, मधमाशी, फुलपाखरू हेसुद्धा संधिपादच. एक कुळ पाण्यात राहिलं, दुसरं जमिनीवर आलं, एवढंच समजा. कोलंबीचे पाय मोजायला मुलांना सांगा, अंगावरची वलयं दाखवा, मग मुंगीचं चित्र शेजारी ठेवा. मुलं स्वतःच म्हणतात, "बाई, ही तर बहीण-बहीण दिसतात!"

म्हणजे सुका जवळा चुलीवर परतताना ज्या वासाने आपल्या तोंडाला पाणी सुटतं, त्याच वासाने खाडी न पाहिलेला माणूस नाक दाबतो. खाण्याजोगं काय आणि किळसवाणं काय, हे पुष्कळदा आपण कुठे वाढलो यावर ठरतं. आणि मध? मध तर मधमाशीने पोटात नेऊन परत काढलेला फुलांचा रस. तो आपण देवाच्या पंचामृतात घालतो. त्याच पोळ्याच्या दुसऱ्या भागात पांढरी पिल्लं असतात, म्हणजे मधमाशीच्या अळ्या आणि कोष. मध गोड, तर ती पिल्लं प्रथिनांची. पोळं काढणारा माणूस ती टाकून कशाला देईल?

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ साली खाद्य कीटकांवर एक मोठा अहवाल काढला. जगभरात माणसं खातात अशा १,९०० हून अधिक जातींची नोंद त्यात आहे. त्यात भुंगेरे आणि त्यांच्या अळ्या सर्वांत जास्त, मग पतंग-फुलपाखरांच्या अळ्या, मग मधमाश्या, गांधीलमाश्या आणि मुंग्या.

गडचिरोलीची लाल मुंगी

आपल्या महाराष्ट्रात याचं सगळ्यांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे गडचिरोलीच्या भामरागड, एटापल्ली भागातल्या माडिया लोकांची लाल मुंग्यांची चटणी. केंद्र सरकारच्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांच्या यादीत महाराष्ट्रातल्या तीनच जमाती आहेत: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. एक आमच्या रायगडात, एक राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला. पण रान वाचायची विद्या दोघांकडेही आहे.

ही मुंगी तुम्ही नक्की पाहिली असणार. आंब्याच्या झाडावर चढलेल्या प्रत्येक पोराला ती चावलेली असते! तांबूस, लांब पायांची, चवताळलेली. काही भागांत तिला ओंबील म्हणतात. पानं एकमेकांना चिकटवून केलेलं तिचं फुगीर घरटं झाडावर लोंबतं. हे घरटं कसं होतं ते मुलांना जरूर सांगा, कारण गोष्टीपेक्षा भारी आहे. दोन पानं लांब असली तर मुंग्या एकमेकींच्या कमरेला धरून साखळी करतात आणि पानं जवळ ओढतात. पानांच्या कडा जुळल्या की दुसऱ्या कामकरी मुंग्या आपल्या वसाहतीतल्या अळ्या तोंडात धरून आणतात. अळीच्या तोंडातून रेशमाचा धागा निघतो. अळीला या कडेवरून त्या कडेवर फिरवत मुंग्या पानं शिवून टाकतात. म्हणजे बाळच सुई आणि बाळच दोरा! मोठ्या मुंगीला स्वतःला रेशीम काढता येत नाही.

माडिया माणूस हे घरटं फांदीसकट काढतो, झटकतो, आणि मुंग्या, अंडी, अळ्या मीठ-मिरचीबरोबर वाटतो. चव आंबट. चिंच नाही, लिंबू नाही, तरी आंबट. ती आंबटाई मुंगीच्या अंगातल्या फॉर्मिक आम्लाची. मुंगी चावते तेव्हा तेच आम्ल जखमेवर फवारते, म्हणून आग होते. गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरमध्ये या चटणीला चापडा म्हणतात आणि आठवडी बाजारात या मुंग्या पानाच्या दोन्यातून विकायला येतात.

ओडिशातल्या मयूरभंजच्या अशाच चटणीला, सिमिलीपाल काई चटणीला, जानेवारी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या रत्नागिरी हापूसला आहे तसंच. ज्या पदार्थाला वर्गात "शीऽऽ" म्हणतात त्याला सरकारी मानांकन! ही बातमी मी मुलांना मुद्दाम वाचून दाखवते.

पण इथे एक सावधगिरी. करोनाच्या काळात ही चटणी औषध म्हणून जाहीर करा, अशी मागणी न्यायालयापर्यंत गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती नाकारली. योग्यच केलं असं मला वाटतं. चटणी पौष्टिक आहे, चवदार आहे, शेकडो वर्षांच्या अनुभवातून आलेली आहे. एवढं म्हणणं पुरेसं आहे. तिला मान मिळावा म्हणून ती जादूची करायची गरज नाही.

या मुंगीची आणखी एक ओळख. चीनमध्ये इ.स. ३०४ च्या सुमाराच्या एका ग्रंथात नोंद आहे की तिथले लोक या मुंग्यांची घरटी बाजारातून विकत घेऊन संत्र्या-मोसंबीच्या बागेत टांगत. मुंग्या झाडावरची कीड खात. कीटकाने कीटक आवरायची ही जगातली सर्वांत जुनी नोंद मानली जाते. आणि हीच जात, अगदी हीच, ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागातही आहे. तिथे तिचं पोट हिरवं असतं, म्हणून ती हिरवी मुंगी. तिथले आदिवासी ती खातात, पाण्यात कुस्करून लिंबासारखं आंबट पेय करतात आणि सर्दी-खोकल्यावर घेतात. भामरागड कुठे आणि ऑस्ट्रेलिया कुठे! कुणी कुणाला सांगायला गेलं नव्हतं, दोघांनी आपापल्या रानात चाखून पाहिलं.

वाळवंटातली ‘घेटुळीकर’ अळी

हिरवी मुंगी ऑस्ट्रेलियाच्या ओल्या उत्तरेत. देशाच्या मध्यभागी मात्र वाळवंट आहे, लाल मातीचं. तिथे एवढी मोठी झाडं नाहीत आणि ही मुंगीही नाही. मग तिथली माणसं काय करतात? तिथे त्यांना एक अळी सापडली, आणि तिची गोष्ट आमच्या मोराच्या अंगणापासूनच सुरू करता येते.

पहिला पाऊस पडला की कुंपणाच्या कडेला, रस्त्यालगत जमिनीला चिकटून एक वेल पसरते. गोलसर पानं, जांभळट देठ, अगदी बारीक गुलाबी फुलं. ही घेटुळी. पुस्तकी नाव पुनर्नवा, म्हणजे पुन्हा नवी होणारी. उन्हाळ्यात वर सगळं वाळतं, मूळ जमिनीत जिवंत राहतं, पावसात परत फुटतं. तिची भाजी करतात. तिची बारीक फळं चिकट असतात, मुलांच्या मोज्यांना आणि आपल्या साडीच्या काठाला चिकटून घरापर्यंत येतात.

याच घेटुळीची सख्खी बहीण म्हणावी अशी वेल मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात होते. चांगला पाऊस झाला की लाल मातीवर तीही अशीच पसरते आणि तिच्यावर हजारोंनी अळ्या येतात. तिथल्या अरेर्न्टे लोकांच्या भाषेत त्या वेलीचं नाव अयेपे, आणि अळीचं नाव अयेपे-अरेन्ये, म्हणजे ‘अयेपेवर राहणारी’. बोलताना येपेरेन्ये. आपण पनवेलला राहतो म्हणून पनवेलकर, तशी ती घेटुळीकर! मुलांना हे नाव इतकं आवडतं की पुढे कुठलीही अळी दिसली की ते तिचं आडनाव शोधायला लागतात: अळूकर, लिंबूकर, रुईकर. विनोद बाजूला ठेवा, पण अळी ओळखायची पहिली किल्ली हीच आहे. ती कुठल्या झाडावर राहते?

ही अळी एका मोठ्या पतंगाची. गुळगुळीत अंग, रंगीत पट्टे, आणि शेपटीकडे एक काटा. या पतंगाचे नातलग आपल्याकडेही आहेत. पावसाळ्यात अळूच्या पानाखाली बोटभर जाड, शेपटीला काटा असलेली अळी दिसते ना, ती त्याच घराण्यातली. काटा नुसता दिसायला भीतीदायक, तो डंख मारत नाही.

अरेर्न्टे बायका-मुलं वेलीवरच्या अळ्या वेचतात. मग मुख्य काम: अळीच्या पोटात चघळलेला हिरवा पाला भरलेला असतो, तो दाबून बाहेर काढायचा. त्यानंतर गरम राखेत, निखाऱ्यात भाजायची. आपण कोलंबी साफ करताना पाठीतला काळा दोरा काढतो, तेच हे. आफ्रिकेच्या दक्षिण भागात मोपाने नावाच्या झाडावरची अळी खातात. तिचंही पोट आधी पिळून काढतात, मग मिठाच्या पाण्यात उकडून उन्हात वाळवतात, आणि ती पोत्यांनी बाजारात विकली जाते. तीन ठिकाणं, तीन वेगळे प्राणी, पण आधी पोट साफ करायचं हे तिन्हीकडच्या बायकांना ठाऊक.

त्याच वाळवंटात विचेटी नावाची दुसरी प्रसिद्ध अळी आहे. ती पानावर नसते, एका बाभूळवर्गीय झुडपाच्या मुळात असते. जमिनीला तडा कुठे गेला आहे ते पाहून मूळ खणायचं, फोडायचं आणि आतली पांढरी जाड अळी काढायची. कच्ची खातात, राखेत भाजूनही खातात. खाल्लेले लोक बदामाची, अंड्याची उपमा देतात. जमिनीचा तडा बघून आत अन्न आहे हे ओळखणं, हे कुठल्या पुस्तकात मिळणार? आमच्या कातकरी बापयांना शेताच्या बांधावरचं बीळ बघून आत उंदीर आहे की नाही आणि त्याने किती भात साठवलंय हे कळतं, ते मला यावरून आठवतं.

अळीच्या नावाची शाळा

येपेरेन्ये ही अरेर्न्टे लोकांसाठी नुसतं खाणं नाही. मध्य ऑस्ट्रेलियात ॲलिस स्प्रिंग्ज नावाचं गाव आहे, त्यांच्या भाषेत म्पार्न्ट्वे. त्यांच्या परंपरेनुसार तिथले डोंगर, कडे, खिंडी या अळीरूपी पूर्वजांनीच घडवल्या. गावाच्या पूर्वेला एमिली गॅप या खिंडीत खडकावर उभ्या पट्ट्यांची जुनी चित्रं आहेत, ती या अळ्यांच्या कथेची. तिथली एक टेकडी म्हणजे दुसऱ्या एका पूर्वज-अळीचं अंग. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला रस्ता करताना बुलडोझरने तिचं शेपूट कापलं. रस्त्याचं कागदावरचं नाव बॅरेट ड्राइव्ह. लोक त्याला ‘मोडलेल्या वचनाचा रस्ता’ म्हणतात. आमच्या मुलांनी विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापलेली पाहिली आहे, त्यामुळे हे त्यांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आणि मला सगळ्यांत भिडली ती ही गोष्ट. त्याच गावात १९७८ साली आदिवासी वडीलधाऱ्यांनी आपल्या मुलांसाठी एक शाळा सुरू केली. मुलं वस्त्यांवर राहत होती, इतर शाळांत टिकत नव्हती. या शाळेत इंग्रजीबरोबर मुलांच्या घरच्या भाषाही शिकवायच्या, असं त्यांनी ठरवलं. सरकारी मान्यता सहज मिळाली नाही. त्यासाठी भांडावं लागलं, आणि १९८३ मध्ये ती मिळाली. शाळा आजही चालू आहे. तिचं नाव यिपिरिन्या, म्हणजे तीच अळी!

आपल्याकडे शाळेला थोर पुरुषांची नावं देतो, देवांची देतो. त्यांनी त्यांच्या मुलांच्या ताटातली आणि गोष्टीतली अळी शाळेच्या पाटीवर नेली. आणि मी? मी एका मुलीच्या ताटातली अळी फळ्यावर लिहायलाही तयार नव्हते.

वर्गात घेताना

हा पाठ ऐकून एखादं धीट पोरगं अळी तोंडात घालायला जाऊ शकतं, म्हणून काही गोष्टी स्पष्ट सांगायच्याच. केसाळ सुरवंटाला हातसुद्धा लावायचा नाही, त्याच्या केसांनी अंगाला खाज सुटते, पुरळ येतं. फवारणी झालेल्या शेतातला कुठलाही कीटक विषारी असू शकतो. ज्यांना कोलंबी-खेकड्याची ॲलर्जी आहे त्यांना कीटकांचीही होऊ शकते, कारण दोघांत सारखी प्रथिनं असतात. कुठली अळी खायची आणि कुठली नाही हे त्या त्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या पारखलेलं असतं. आपण चित्रात बघून ते येत नाही. मीही खाल्लेली नाही. खोटं कशाला सांगू, मुलांनी विचारलं तेव्हा तसंच सांगितलं.

फळ्यावरचा गोल मी अजून काढते, पण आता मुलाने पदार्थ सांगितला की लगेच तीन प्रश्न विचारते: कुठे मिळतं? कधी मिळतं? साफ कसं करतात? आणि उत्तर तिथेच लिहिते. मजा अशी की पाव, चिप्स सांगणाऱ्या मुलांना ‘दुकानात’ याच्या पुढे जाता येत नाही. चिंबोरीवाली मुलं भरती-ओहोटीपर्यंत जातात. आणि वाडीवरची मुलं सुरू झाली की वेळ पुरत नाही! मागच्या वर्षी एका मुलाने सातेरीचं पोळं आणि आग्याचं पोळं यातला फरक, पोळ्याचा कुठला भाग तोडायचा आणि कुठला ठेवायचा, धूर कशाचा करायचा, हे सगळं फळ्यापाशी येऊन चित्र काढून सांगितलं. आधी एकाने "ईऽऽ" केलंच. पण शेजारच्या मुलीने त्याला विचारलं, "तू जवळा खातोस ना? मग!" मला बोलावंच लागलं नाही.

एक सोपा उपक्रम सुचवते. पावसाळ्यात अळूच्या पानावर काट्याची अळी मिळाली तर पानासकट मोठ्या काचेच्या बरणीत ठेवा. तळाला चार बोटं ओलसर माती आणि थोडा पाचोळा घाला, कारण ही अळी झाडावर लटकून कोष करत नाही, खाली उतरते. तोंडाला मलमलचं फडकं बांधा. रोज ताजं अळूचं पान द्या. दुसऱ्या कसल्या पानाला बहुधा ती तोंड लावणार नाही, हे मुलांना स्वतः करून बघू द्या. अळी मातीत गेली की बरणी हलवू नका. बरणीवर तारीख आणि ती आणणाऱ्या मुलाचं नाव लिहा. पतंग बाहेर आला की शक्यतो संध्याकाळी सोडा, कारण तो रात्री फुलांवर फिरणारा आहे.